पुढच्या खोलीतली खाट

टॅलो क्रीक, अलाबामा
९ मार्च १९९७

लाडके लव्हे,

बसली आहेस ना? नसलीस तर बस, पाय वर घेऊन बस, कारण मी काही थोडक्यात सांगणार नाही. तुला माहीत आहे माझं. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तरीणबाईंनी मला पूर्णविराम कुठे द्यायचा ते शिकवायचंच राहून गेलं.

आईच्या घराचं नशीब उघडलं! मॉन्टगमेरीहून, जुन्या वास्तू जपतात त्या कचेरीतून, एक मुलगी आली होती. मिस रॅन्सम. आपलीच आहे, चांगली काळीभोर, उंच, पायात बाप्यांसारखे बूट. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर कुंपणापाशी उभी राहून म्हणते, "मॅडम, मिस आर्डेलियांचं प्रवाशांचं घर हेच का?" मला मॅडम म्हणाली! मी म्हटलं, "हेच, पण छप्पर सांभाळून बघ, डोक्यात पडेल." मग तिला माझ्या घरात आणलं, कॉर्नब्रेड दिला. तीन तुकडे खाल्ले तिने. बारीक मुली खातात ते बघून मला फार बरं वाटतं.

तिचं म्हणणं असं, की आपल्या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात उभं करत नसत त्या काळात प्रत्येक रस्त्यावर एखादं घर असायचं, जिथे दार वाजवलं की खाट मिळे आणि सकाळी नाश्ता मिळे. आता बहुतेक घरं गेली. कुठे गाड्या उभ्या करतात, कुठे नुसतं गवत. आपलं उभं आहे. मी म्हटलं, "पोरी, मोबीलला जाताना अंधार पडला तर आपल्या माणसाला पाठ टेकायला दुसरी जागाच नव्हती. पुढच्या गावात अंधारात काळा माणूस दिसला की कोठडीत टाकायला शेरीफ वाटच बघत असायचा." मग काय, मी सुटलेच. ते बेसबॉलवाले, एका न्हाणीत आंघोळीसाठी भांडायचे ते. तो मयत वाहून नेणारा मिस्टर स्पाइव्ही, ज्याने रात्रभर शवपेटी आपल्या ओट्यावर ठेवली आणि आईने तिच्यावरही चादर घातली, "थंडी आहे" म्हणून. आणि तो बाजा वाजवणारा, ज्याला आईने सराव करायला खुराड्यात पाठवलं आणि कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत! ती मुलगी हसून हसून टेबलावर पडली.

आता कामाचं. घराचं नाव त्यांच्या यादीत चढलं की छप्पर ते घालून देणार. पण आईने घर आपल्या दोघींच्या नावावर ठेवलंय, तेव्हा सही दोघींची लागते. आणि ऑक्टोबरच्या आत कामाला हात लागला नाही तर काउंटीवाले धोक्याची इमारत म्हणून पाडणार आहेत, तशी पाटीच ठोकून गेलेत दाराला. मी पाटीवर माझा एप्रन वाळत घालते.

सही करून पाठव. डेट्रॉइटला बर्फ वितळला का?

तुझी,
ओझी


डेट्रॉइट
३० मार्च १९९७

प्रिय ताई,

पत्र मिळालं. कोंबड्या बऱ्या आहेत हे वाचून आनंद झाला. बर्फ अजून आहे.

घराबद्दल: मला त्यात रस नाही. कोपऱ्यावरच्या जागेसाठी पेट्रोल पंपवाले दोनदा विचारून गेलेत असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यांना देऊन टाक, त्या कागदावर मी लगेच सही करते. नाहीतर पडू दे. घर जुनं झालं की पडतंच.

मिस रॅन्समला माझा नमस्कार सांग. शिकलेली मुलगी आहे, तिला दुसरं घर सापडेल.

गुडघे तसेच आहेत. झोप नाही, पण ती कधीच नव्हती.

तुझी,
लुव्हेनिया


टॅलो क्रीक
१७ एप्रिल १९९७

लाडके लव्हे,

तुझं पत्र इतकं लहान होतं की मी पाकीट उलटं करून झटकलं, अजून काही आत अडकलंय का बघायला.

मला कळलं बरं का तुझ्या मनात काय आहे ते. आई गेल्यावर मी घराकडे लक्ष दिलं नाही, गळू दिलं, त्याचा तुला राग आहे. असू दे. राग धरायचा हक्क आहे तुला. पण ते आता निस्तरतेय मी. सोबतच्या खोक्यात पीचचा मुरंबा आहे, दोन बरण्या. एक रागासाठी आणि एक गुडघ्यांसाठी.

काय काय केलंय ऐक. चर्चमधल्या सगळ्या बाया आल्या होत्या. अर्नेस्टीनने तर नवीन पडदे आणले, फुलाफुलांचे. मिस रॅन्समने हात जोडले, म्हणाली, "मॅडम, कृपा करून नवीन काही नको." अर्नेस्टीन मला बाजूला घेऊन कुजबुजली, "ओझी, पाहुणे येणार आणि आपण फाटके पडदे लावायचे? मिस आर्डेलिया थडग्यातून उठून येतील." खरंय की नाही? शेवटी पडदे तिने घरी नेले, पण तोंड एवढं करून. आपल्या चर्चच्या गॅंडी डीकनने मागचा दरवाजा घासूनपुसून चकचकीत केला, घराच्या नावाची पाटी तिथे लावू म्हणाला. मी म्हटलं, "डीकन, आयुष्यभर आपल्या लोकांना जगाने मागच्या दाराने घेतलं. आई काय करायची आठवतं ना?" सवयीने कुणी मागे गेलं की आई कडी लावायची आणि आतून ओरडायची, "वळसा घाला! इथे पुढून येतात!" भर पावसात वळसा घालायला लावलंय तिने लोकांना.

सगळ्या खाटा घातल्यात. चादरींना खळ दिली, आई द्यायची तशी, कडक, की वळल्या तर आवाज होईल.

मिस रॅन्सम घराचा नकाशा काढतेय. मला विचारते, "पाहुणे इथे इथे झोपायचे, ते झालं. घरचे कुठे झोपायचे?" हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, आई-बाबा शिवणाच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला, आणि आमची लव्ही पुढच्या खोलीत, निळ्या लोखंडी खाटेवर. तिने लगेच छोटी पाटी लिहून खाटेला अडकवली, 'घरच्या धाकट्या मुलीची खाट'. फोटो पाठवतेय. काय शोभतेय बघ! गावातल्या कुठल्या पोरीची एवढी देखणी खाट होती?

फोटो बघितलास की सही आपोआप होईल.

तुझी,
ओझी


डेट्रॉइट
२ मे १९९७

ताई,

फोटो परत पाठवते आहे.

मी त्या खाटेवर झोपले नाही. तू नीट वाच म्हणून पुन्हा लिहिते. मी त्या खाटेवर एक रात्रही, पहाटेपर्यंत, झोपले नाही. संध्याकाळी मला तिथे निजवायचे, कारण मी लहान होते आणि कुठेतरी ठेवायला हवं होतं. मग गाडी यायची. मग मी जागी व्हायचे ती दुसरीकडेच. जेवणाच्या टेबलाखाली. दोन खुर्च्या जोडून त्यांच्यावर. बेसबॉलवाले आले की न्हाणीतल्या टबमध्ये, उशाला ओला पंचा. एकदा शेडमध्ये बाबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर, आणि डोळे उघडले तर काचेबाहेर अनोळखी माणूस दात घासत होता. मी पाच वर्षांची होते, ताई. मला वाटलं मला विकलं.

आणि उजाडलं की त्याच खाटेच्या चादरी ओढून काढायच्या, उकळायच्या, खळ द्यायची, शाळेत जायच्या आधी. अनोळखी माणसांच्या अंगाचा वास माझ्या खाटेला. आईने कधी विचारलं नाही. "त्यांना जागा नाही," एवढंच म्हणायची. मला होती?

तुला वाटतं मी डेट्रॉइटला नोकरीसाठी आले. मी दाराला आतून कडी लागते अशी खोली मिळावी म्हणून आले. मिळाली. आणि तरी मी अजून रात्री तीनदा उठते. थर्मन, देव त्याला शांती देवो, सकाळी मला सोफ्यावर शोधायचा, बाथरूममध्ये शोधायचा, एकदा कपड्यांच्या कपाटात सापडले. बिचारा हसायचा, म्हणायचा, "मी बाईशी लग्न केलं की मांजराशी?" मी त्याला कधी सांगितलं नाही का ते.

तुम्ही सगळे आता त्या घराला फुलं वाहणार. वाहा. त्या लोकांना खरंच जागा नव्हती, ते मला कळतं, मी मूर्ख नाही. पण माझ्या नावाची पाटी त्या खाटेवरून काढ.

लुव्हेनिया


टॅलो क्रीक
२० जुलै १९९७

लव्हे,

मे गेला, जून गेला. मी चार वेळा लिहायला बसले. एकदा तर नुसती कोंबड्यांचीच हकीकत झाली, दोन पानं, ती फाडली.

पाटी त्याच दिवशी काढली. मिस रॅन्सम म्हणाली, "काय झालं?" मी तुझं पत्र तिला दाखवलं नाही, ते तुझं-माझं आहे. एवढंच म्हटलं, "नकाशात माझी बहीण सगळीकडे काढ. टेबलाखाली काढ, टबात काढ, शेडमध्ये काढ." त्या पोरीने नकाशा पुन्हा उलगडला. मग म्हणाली, इतकी घरं बघितली, पण घरच्या पोरांना कुठे सरकवलं हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

मग मी एक केलं. हसू नकोस. हस, हसलीस तर बरंच आहे. मी आईच्या घरात जाऊन जेवणाच्या टेबलाखाली आडवी झाले. बघावं म्हटलं कसं वाटतं. आत शिरले ती शिरले, बाहेर येता येईना. चौसष्ट वर्षांची बाई, ढुंगण टेबलाच्या पायात अडकलेलं. गॅंडी डीकन आला, वाकून बघतो तर मी. म्हणाला, "सिस्टर ओझेला, प्रार्थना चाललीय की काही हरवलंय?" मी म्हटलं, "गप ओढ मला."

पण त्याआधी बराच वेळ पडून होते. खालून टेबल बघितलं आहेस तू. मी पहिल्यांदा बघितलं. लाकडावर कुणीतरी नखाने रेघा कोरल्यात, छोट्या छोट्या. त्या तुझ्या असणार.

आता तुला एक सांगते. आई नाही ग उचलायची तुला. आईच्या कमरेत जोर नव्हता. मी उचलायची. बाहेर गाडीचा दिवा दिसला की आई मला खूण करायची आणि मी तुला खांद्यावर घ्यायची. तू जागी व्हायची नाहीस, पण दर वेळी झोपेतच विचारायचीस, "पोचलो का?" गाडीतून येणारी पोरं विचारतात ना, तसं. आणि मी म्हणायची, "अजून नाही, झोप." मला ते इतकं गोड वाटायचं की मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना सांगून हसायची. इतकी वर्षं मी ती गोष्ट हसत सांगतेय. मे महिन्यापासून कुणाला सांगितली नाही.

तू झोपलेली असायचीस, म्हणून तुझ्या खाटेवर कोण आलं हे तुला ठाऊकच नाही. मला आहे. मी कुणाची बाजू घेत नाही, नुसतं सांगते. ज्या रात्री तू गाडीत झोपलीस, त्या रात्री एक बाई होती, जॅक्सनव्हिलची, पोट एवढं पुढे. दोन गावच्या दवाखान्यांनी दारातून परत पाठवलेली. तुझ्या खाटेवर नवऱ्याचा हात धरून पडली, आणि सकाळपर्यंत मुलगा झाला. तिची आरडाओरड तुला ऐकू जाऊ नये म्हणून आईने तुला इतकं लांब ठेवायला सांगितलं. शेडमध्ये दात घासत होता तो माणूस त्या पोराचा बाप. रात्रभर त्याने तोंडात पाणी घेतलं नव्हतं. आई तुला हे सांगणार होती, पण त्याच सकाळी आणखी दोन गाड्या आल्या.

आता ऐक. सही नको करूस. पंपवाल्याच्या माणसाला मी बोलावते, कागद करून घेते, तू म्हणशील तसं. मिस रॅन्समला मी सांगून टाकलं, बाई, कदाचित नाही जमणार. रडली थोडी, बूट घातलेली मुलगीसुद्धा रडते. पण मी म्हटलं, जिचं घर तिला विचारायला नको?

फक्त पाडायच्या आधी एकदा ये. त्या खाटेवर एक रात्र झोप. पूर्ण. गाडी आली तर मी वाटेला लावीन, मग ती कुणाची का असेना.

ओझी


डेट्रॉइट
११ ऑगस्ट १९९७

ताई,

त्या माणसाबद्दल मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते. बसने. चर्चच्या बायका नकोत, कुणी पाई भाजून आणून रांग लावायची नाही, फोटो नाही, भाषण नाही. मी सही करणार आहे असं धरून चालू नकोस. मी माझी उशी आणणार आहे.

आणि टेबलाखाली पुन्हा जाऊ नकोस. तुझ्या वयाला ते शोभत नाही. मी बसमध्ये आठवून हसले तर लोक मला वेडी म्हणतील.

लव्ही


टॅलो क्रीक
२८ सप्टेंबर १९९७

लाडके लव्हे,

घरी नीट पोचलीस हे फोनवर सांगितलंस, पण फोनवर तू सगळं तीन वाक्यांत उरकतेस. आणि तुला काही गोष्टी ठाऊकच नाहीत, कारण तू झोपली होतीस. नेहमीसारखंच! तेव्हा त्या मला सांगायलाच हव्यात.

तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस. सात वाजले, आठ वाजले. मी तुझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, हातात झाडू. आधी आली मिस रॅन्सम, छप्पर बघायला सुताराला घेऊन. तिला माहीत नव्हतं तू आलीस ते. मी म्हटलं, "श्श. बहीण झोपलीय." तिने आत डोकावून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. हळूच म्हणाली, "मॅडम, ती खाट जपायची आहे. त्यावर कुणी झोपायचं नसतं." मी म्हटलं, "पोरी, तू खाट जप. मी तिच्यावरची जपते." तिला दोन मिनिटं लागली, पण मग ती ओट्याच्या पायरीवर बूट काढून बसली. मोजे भोकाचे होते.

सुतार हातोडा काढायला लागला तसा मी झाडू उगारला. बिचारा पिकॅनच्या झाडाखाली जाऊन बसला. मग अर्नेस्टीन! मी बजावलं होतं तरी रताळ्याची पाई घेऊन. "नुसती ठेवून जाते," म्हणाली. "ठेव आणि तोंड मीट," मी म्हटलं. तिने तोंड मिटलं, लव्हे. अर्नेस्टीनने! हे यादीत चढवायला हवं खरं तर. मग गॅंडी डीकन आला, तो मागच्या दाराने. मी इथूनच हात केला, वळसा घाल. घातला मुकाट. सगळे ओट्यावर बसून पाई खात होते आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. रस्त्यावरून ट्रक गेला तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने चर्चमध्ये ढेकर दिला.

मी तेवढ्यात एकदा आत आले, पांघरूण सरळ करायला. तू कुशीवर वळलीस. डोळे मिटलेलेच. आणि विचारलंस. पासष्टीला आलेल्या माझ्या खांद्यात एकदम तेव्हाचं वजन आलं. मी म्हटलं, "पोचलो लव्हे. कधीच पोचलो. झोप." आणि तू झोपलीस, चांगली दुपारपर्यंत, तोंड उघडं टाकून. घोरत होतीस. हे तुला कुणी सांगितलं नसेल, थर्मनशिवाय.

पुढचं तुला माहीत आहे. कॉफीच्या आधी पेन मागितलंस आणि मिस रॅन्समला म्हणालीस, "मुली, टेबल नको घासूस. खालून." ती म्हणाली, "नाही मॅडम." तिने हातसुद्धा लावू दिलेला नाही कुणाला.

छपराचं काम सोमवारी सुरू झालं. पाटी काउंटीवाल्यांनी स्वतः येऊन उपटली, माझा एप्रन मला घडी घालून दिला. पत्रे वाजतात दिवसभर, कोंबड्या बिथरल्यात, अंडी बंद. त्या बाजावाल्याची आठवण झाली.

आणखी एकच. तू गेलीस त्या सकाळी मी सवयीने त्या खोलीत गेले. हात आपोआप चादरीच्या टोकाकडे गेले, ओढायला. आईच्या घरात माणूस खाटेवरून उठला की चादर उठलीच, पुढचा येणार म्हणून. इतक्या वर्षांत चुकलं नाही. मी टोक धरलं, आणि सोडून दिलं.

तशीच आहे. चुरगळलेली, उशीत तुझ्या डोक्याचा खळगा. मिस रॅन्सम विचारत होती, इथे पाटीवर काय लिहू. मी म्हटलं, काही नको लिहूस. दार लोटून घे, बाई. खोलीत माणूस आहे.

तुझी,
ओझी